जर्मनीचा पैसा आणि आमचा डोंगर

डोंगरावर पाणी आणि माती अडवायच्या कामासाठी जर्मनीचा पैसा आमच्या गावात पोचायला जवळजवळ दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं कशी गेली हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण नंतरच्या चार वर्षांत जे काम झालं त्याचा जीव त्या बिनपैशाच्या दिवसांत होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बारावी झालेला, घरची सहा एकर हलकी जमीन. गाव पाणलोट समितीचा सचिव म्हणून हजेरीपटापासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत सगळं माझ्या हातानं लिहिलं गेलं. त्यातली तीन रजिस्टरं अजून घरात लोखंडी पेटीत आहेत.

गाव जालना जिल्ह्यात, डोंगराला टेकून. पाऊस कागदावर सातशे मिलिमीटरच्या आसपास, पण तो पडतो चार-सहा दणक्यांत. डोंगर बोडका, त्यामुळे पाणी आलं की माती घेऊन थेट नाल्यात आणि तिथून दुधना नदीला. संक्रांत सरली की विहिरी तळ दाखवायच्या. निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, उरलेलं टँकरची वाट बघायचं.

१९९६ च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका संस्थेचे दोन कार्यकर्ते मोटारसायकलवर आले. मारुतीच्या पारावर बसून त्यांनी सांगितलं की इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात गाव घेता येईल. 'जर्मन' हा शब्द ऐकल्यावर गावात दोन तट पडले. एक म्हणे पैशाचा पूर येणार. दुसरा म्हणे जमिनी जाणार, आज बांध घालतील, उद्या सातबाऱ्यावर नाव लावतील. कुणीतरी ऐकून आलं होतं की या कार्यक्रमामागे एक पाद्रीबाबा आहेत, त्यामुळे धर्म बदलायला लावतील अशीही कुजबुज झाली. ते पाद्री म्हणजे फादर हर्मन बाखर, मूळचे स्वित्झर्लंडचे, पण आयुष्य नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत घालवलेले. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ मध्ये नगरला वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, म्हणजे आपण जिला 'वॉटर' संस्था म्हणतो ती उभी केली. कुणाचा धर्म बदलला नाही, कुणाची जमीन गेली नाही. पण ती भीती खोटी होती हे कळायला गावाला वर्ष लागलं, आणि त्यासाठी मी गावाला दोष देत नाही. आमच्या आईनं बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली होती, सुकडी खाल्ली होती. मदत म्हणजे रांगेत उभं राहून मिळेल ते घ्यायचं आणि विचारायचं काही नाही, एवढाच तिचा अनुभव. इथं मात्र लोक येऊन विचारत होते की तुम्ही काय देणार.

पैसा कसा येणार हे मला समजून घ्यायचंच होतं, कारण चावडीवर रोज तेच विचारलं जायचं. जर्मन सरकारचं आर्थिक सहकार्य आणि विकास यांचं एक वेगळं मंत्रालय आहे. त्याच्या हाताखाली दोन यंत्रणा काम करत. एक जीटीझेड, जिचं २०११ मध्ये जीआयझेड झालं. ती शिकवण्याचं, माणसं तयार करण्याचं बघायची. दुसरी केएफडब्ल्यू, ही सरकारी बँक, प्रत्यक्ष कामाचा पैसा तिचा. शिकण्याच्या टप्प्याचा पैसा जीटीझेडकडून वॉटर संस्थेमार्फत यायचा, आणि गाव त्या टप्प्यात उतरलं की मोठ्या कामाचा पैसा केएफडब्ल्यूकडून नाबार्ड या आपल्या शेती-ग्रामविकासाच्या बँकेमार्फत. करार दोन देशांच्या सरकारांचा. जर्मन माणूस थैली घेऊन गावात येतो असं काही नसतं. आम्हाला दिसायचा तो चेक, आणि चेकच्या आधी दिसायच्या अटी.

अटी चार-पाचच होत्या. डोंगरावर मोकळी चराई बंद. झाड तोडायचं नाही. उसासारखी पाणी ओढणारी पिकं वाढवायची नाहीत, नव्या बोअर घ्यायच्या नाहीत. आणि मोठ्या कामाच्या वेळी मजुरीच्या सोळा टक्के वाटा गावानं श्रमदानातून द्यायचा. त्यात भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला सूट. पण या सगळ्याच्या आधी परीक्षा होती ती चार दिवसांच्या श्रमदानाची. घरटी एक माणूस, मजुरी नाही, चहासुद्धा घरून पिऊन यायचं.

पहिल्या दिवशी एकशे चाळीस घरांतून एकतीस माणसं आली. माझ्या रजिस्टरात तो आकडा आहे. संस्थेचे कार्यकर्ते काही बोलले नाहीत, आमच्याबरोबर टिकाव घेऊन खणत राहिले आणि संध्याकाळी एवढंच म्हणाले की असं असेल तर गाव यादीतून निघेल, दुसरी गावं थांबलेली आहेत. त्या रात्री आम्ही सात-आठ पोरं घरोघर फिरलो. पुरुष मंडळी 'बघू' म्हणत होती. बायकांनी मात्र सरळ विचारलं, "हंडा कोण वाहतंय, तुम्ही का आम्ही?" दुसऱ्या दिवशी डोंगरावर ऐंशीच्या वर माणसं होती आणि त्यात निम्म्याहून जास्त बाया. चौथ्या दिवशी सरपंचसुद्धा आले.

त्याच दिवसांत मी 'ए' फ्रेम, म्हणजे डोंगरावर एकाच उंचीची रेघ आखायची चौकट, वापरायला शिकलो. दोन सरळ बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट. वरच्या गाठीपासून सुतळी सोडायची आणि तिला दगड बांधायचा. आता ही चौकट खरी करायची. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून खुणा करायच्या, सुतळी आडव्या काठीला जिथं शिवते तिथं कोळशानं रेघ मारायची. मग चौकट फिरवायची, उजवा पाय डाव्याच्या खुणेवर, डावा उजव्याच्या, पुन्हा रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे समपातळी. त्या मध्याच्या रेघेवर सुतळी आली की समजायचं दोन्ही पाय एकाच उंचीवर आहेत. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, सुतळी स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा, खुंटी ठोकायची, पुढं जायचं. वारा असला की सुतळी हलते, म्हणून आम्ही सकाळी सहालाच चढायचो. आखून झाल्यावर खुंट्यांवरून फक्की टाकली आणि खाली येऊन वर बघितलं तर उघड्या डोंगरावर पांढऱ्या रेघा वळणावळणानं गेलेल्या. लहानपणापासून बघितलेल्या डोंगराचा आकार मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. त्या रेघांवर दोन फूट रुंद, एक फूट खोल असे चर खोदायचे. पाणी धावायच्या आत तिथंच अडतं, मुरतं, आणि चराच्या खालच्या मातीच्या वरंब्यावर गवत धरतं.

खरं भांडण चराईबंदीवरून झालं, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे.

वस्तीवर एक मावशी होती. नवरा नाही, जमीन नाही, चौदा बकऱ्या. ठरावाच्या ग्रामसभेत ती उठून उभी राहिली. तोवर बोलणारे सगळे जमीनवाले होते आणि डोंगर बंद केला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत होत आलं होतं. ती म्हणाली, "डोंगर बंद करा, काही म्हणणं नाही. पाणी उतरंन ते तुमच्या विहिरीला. मंग उपास माझ्याच बकऱ्यायला काहून?" सभेत कुणालाच काही बोलता आलं नाही. मी वही-पेन घेऊन बसलो होतो, ते वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

तो ठराव त्या दिवशी झाला नाही. पुढं तीन महिने झाला नाही. संस्थेच्या बाई वस्तीवर जाऊन बसायच्या, आम्ही जायचो. आम्हाला एस.टी.नं राळेगणसिद्धीला नेलं, तिथं बंद केलेला डोंगर आणि गवत डोळ्यांनी दाखवलं. मावशीही आली होती. परतताना ती म्हणाली की गवत चांगलंय, पण हे यायला दोन वर्षं लागली असतील, तोवर काय. त्यावर जे ठरलं ते असं. डोंगर एकदम बंद करायचा नाही. आधी वरचे दोन भाग बंद, बाकी उघडे, ते सावरले की पुढचे. मजुरीच्या कामावर पहिला हक्क भूमिहीनांचा. आणि बंद भागातलं गवत चारायचं नाही, पण कापून न्यायचं. विळ्यामागे पाच रुपये वर्षाला, भूमिहीनांना ते माफ. हा ठराव झाला तेव्हा मावशीनं अंगठा दिला.

तरी तिच्या नऊ बकऱ्या विकल्या गेल्या. दोन वर्षं पाला आणून आणून पाच राखल्या. तिसऱ्या वर्षी स्टायलो गवत गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हा तिनं पुन्हा वाढवल्या. पण त्या नऊ बकऱ्यांचा हिशोब कुठल्याच रजिस्टरात नाही. आम्ही मीटर मोजले, घनमीटर मोजले, रोपं मोजली. तिनं जे दिलं ते सोळा टक्क्यांत कुठंच बसत नव्हतं. तिला श्रमदानातून सूट होती, आणि गावात सगळ्यात मोठं श्रमदान तिचंच झालं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आज जास्त वाटतं.

दुसरी गोष्ट शिवारफेरीची, जिला नेट प्लॅनिंग म्हणायचे. गट नंबर घेऊन प्रत्येक शेतात जायचं, जमीन कशी, उतार किती, इथं काय करायचं हे शेतकऱ्याला विचारून लिहायचं. नियम असा की नवरा-बायको दोघं हजर पाहिजेत आणि सही दोघांची. सुरुवातीला लोकांना हे अवघड गेलं. आमच्या शेतात इंजिनिअर साहेबांनी नकाशावर बांध दाखवला, वडील मान हलवत होते. आई मागं उभी होती, ती म्हणाली, "तिथं पाणी जातच नाही. ते या बोरीपासून फुटतं." आणि ती चालत जाऊन एका घळीपाशी थांबली. बाहेरून ती घळ दिसतसुद्धा नव्हती, गवतानं झाकलेली, पण खाली दोन हात खोल कापलेली. ती तिथं वर्षानुवर्षं खुरपत होती. साहेबांनी तिथल्या तिथं खोडरबरानं रेघ पुसली आणि बांध बोरीपाशी आणला. आईनं सही केली. सातबाऱ्यावर तिचं नाव नव्हतं आणि शेताच्या कागदावर ती तिची पहिली सही.

१९९८ मध्ये मोठ्या कामाला मंजुरी आली. खातं बँकेत, समिती आणि संस्था दोघांच्या सहीचं. पहिला चेक जमा झाल्याचं पासबुकात बघितलं तेव्हा समितीच्या अध्यक्षांनी, जे पंचावन्न वर्षांचे होते, पासबुक कपाळाला लावलं. एवढी रक्कम गावाच्या नावावर याआधी कधी आलेली नव्हती.

त्याच आठवड्यात सिमेंट बंधाऱ्याची मागणी सुरू झाली. नाल्याकाठच्या बागायतदारांचा आग्रह, आधी बंधारा बांधा, पाणी लगेच दिसेल. कार्यक्रमाचा नियम पक्का, माथा ते पायथा. आधी डोंगर, मग उतार, मग शेतं, नाला सगळ्यात शेवटी. वर माती सुटी असताना खाली बंधारा बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळानं भरतो, हे आमच्याच शिवारात एका जुन्या बंधाऱ्यानं दाखवलेलं होतं. तरी दबाव मोठा होता. माझ्यावर, अध्यक्षांवर, घरच्यांवर. पैसा गावाच्या खात्यात असूनही मनासारखा खर्च करता येत नाही याचा लोकांना राग यायचा. मला मात्र त्या नियमाचा आधार वाटायचा. बागायतदारांना नाही म्हणण्याची ताकद गावात कुणातच नव्हती. ते 'नाही' लांबून, पुण्याच्या आणि त्याच्याही पलीकडच्या कागदावरून आलं, म्हणून टिकलं.

मजुरीचा हिशोब दर शनिवारी. शंभराचं काम मोजलं की हातात चौऱ्याऐंशी, सोळा श्रमदानाचे. असं आमच्या गावात ठरलं होतं. पहिल्याच पगाराला ओरड झाली की सचिव पैसे कापतो. मी चावडीच्या भिंतीवर काळा फळा लावला. नाव, खोदलेलं माप, रक्कम, श्रमदान, हातात दिलेले. दर शनिवारी पुसायचं, दर शनिवारी लिहायचं. ज्यांना वाचता येत नव्हतं ते पोरांना घेऊन यायचे. फळा लागल्यावर ओरड थांबली.

तिसऱ्या वर्षी मात्र हप्ता अडीच महिने आला नाही. आमची कागदपत्रं वेळेवर गेली होती, त्याची पोच माझ्याकडे आहे. पैसा वाटेत कुठल्यातरी टेबलावर अडकला. तीन आठवड्यांची मजुरी थकली, किराणा दुकानदारानं उधारी बंद केली, आणि वीस-बावीस जोडपी कोयता घेऊन निघून गेली. ती गेली त्या पहाटे मी ट्रॅक्टरपाशी उभा होतो. कुणी मला शिवी दिली नाही. एकानं फक्त सांगितलं, "फळ्यावर नाव राहू दे, पुसू नको." पैसे आले तेव्हा मी आणि अध्यक्ष ते घेऊन कारखान्यावर गेलो आणि खोपटी-खोपटीत जाऊन वाटले. लांबच्या देशातून निघालेला पैसा उशिरा पोचतो, तेव्हा त्या उशिराची किंमत हातावर पोट असलेला माणूस मोजतो. अहवालात मात्र 'कामाचा वेग मंदावला' एवढंच लिहिलं जातं.

जर्मनीहून पाहणीला दोन पाहुणे आले ते त्यानंतरच्या थंडीत. मला वाटलं होतं बंधारा बघतील, फोटो काढतील. त्यांनी हजेरीपट मागितले. पानं उलटत दुभाष्याला विचारलं की बायकांची मजुरी पुरुषांइतकीच आहे का, मोजमापावर दर असेल तर नावं वेगळी का लिहिलीत. मग डोंगरावर चढले आणि मावशीशी पाऊण तास बोलले. तिनं त्यांना नऊ बकऱ्यांचं सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. जाताना त्यांनी समितीला विचारलं की कार्यक्रम संपल्यावर हा दगडी बांध ढासळला तर कोण रचणार. आम्ही देखभाल निधीचं सांगितलं. ते म्हणाले, निधी कळला, माणूस कोण? आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही.

केएफडब्ल्यू ही बँक १९४८ ची, हे मी पुष्कळ नंतर वाचलं. दुसऱ्या महायुद्धात पडलेला जर्मनी पुन्हा उभा करायला ती निघाली, आणि तिला भांडवल मिळालं अमेरिकेच्या मार्शल योजनेच्या पैशातून. तिच्या नावातच 'पुनर्बांधणी' हा शब्द आहे. वाचलं त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. हजेरीपट मागणारे ते दोघं अशा देशातून आले होते ज्यानं स्वतः कधीतरी दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब दिला होता.

चर झाल्यावरचा पहिला मोठा पाऊस रात्री आला. सकाळी आम्ही नाल्यावर पळत गेलो तर नाला कोरडा. लोक घाबरले, काम चुकलं म्हणाले. पाणी आलं दुसऱ्या दिवशी दुपारी, हळूहळू, आणि नितळ. नाल्याच्या पाण्यात खालची वाळू दिसत होती. म्हाताऱ्या माणसांनी ओंजळीत घेऊन बघितलं.

२०१२ चा दुष्काळ जालन्यात ज्यांनी बघितला त्यांना सांगायला नको. मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, लोकांनी पंधरा-पंधरा वर्षांची झाडं तोडून सरपण केलं. आमच्या गावात पिण्याचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरलं, मग टँकर आला. कामाच्या आधी तो फेब्रुवारीत यायचा. आमच्याच जिल्ह्यातलं, याच कार्यक्रमातलं कडवंची आमच्या कितीतरी पुढं गेलं. तिथं शेतकऱ्यांनी शेकड्यांनी शेततळी केली आणि द्राक्षं उभी केली. आमचं तसं झालं नाही. कार्यक्रम संपून पाच-सहा वर्षं झाल्यावर बोअर सुरू झाल्या, आधी लपून, मग उघड. चराईबंदी सैल झाली. देखभाल निधीचं व्याज दोन बांधांना पुरलं, तिसऱ्याला पुरलं नाही.

१ जुलै २०२५ पासून अमेरिकेची यूएसएड ही संस्था बंद झाली, तिचं उरलेलं काम त्यांच्या परराष्ट्र खात्याकडे गेलं. पुतण्यानं मोबाईलवर ती बातमी दाखवून विचारलं, "काका, दुसऱ्याच्या देशात पैसा देऊन यांना काय मिळतं? आणि बंद झाला तर आपलं काय जातं?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं नाही. दुसऱ्यासाठी मी पेटी उघडून हजेरीपट काढला आणि त्या अडीच महिन्यांची पानं दाखवली. तिथं बावीस जोडप्यांच्या नावांपुढं रकाने कोरे आहेत.

परवा आम्ही नऊ जण वरच्या नाल्यावर जाऊन ढासळलेला दगडी बांध रचून आलो. 'ए' फ्रेमची चौकट गोठ्यात होती, बांबूला कीड लागली होती, दोन्ही पाय नवे घातले आणि रेघ पुन्हा काढली. निम्मे चर गाळानं भरले आहेत. ते उपसायचे तर डोंगराचा वरचा भाग पुन्हा दोन वर्षं बंद ठेवावा लागेल. येत्या ग्रामसभेच्या नोटिशीत चराईबंदीचा विषय मी लिहून दिला आहे. त्याच्या आधी वस्तीवर बैठक ठेवली आहे. मावशी आता नाही, तिचा नातू वीस बकऱ्या राखतो. पहिला निरोप त्याला गेला आहे.